टेकोम्याला शेंगा का धरत नाहीत? मकरंदचोरीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: मकरंदचोरीचा (म्हणजे पराग न नेता फुलाला भोक पाडून रस पिण्याचा) परिणाम 'परिस्थितीवर अवलंबून' असं लिहून लेखात झाडाचं बी घटतं का, हा मूळ प्रश्न टाळलाय, हमिंगबर्डची उदाहरणं नाशिकात निरुपयोगी आहेत, आणि गंगापूर रोडवरच्या तुमच्या टेकोम्याची (नळीसारख्या फुलांच्या शोभेच्या झुडपाची) फुलं शिंजीर बुडाशी फोडतात, शेंग धरत नाही, म्हणून आता जाळी टाकणार.

जाळी कृपा करून टाकू नका. शिंजीर त्यात अडकून मरतो, आणि पराग नेणाऱ्या मधमाश्याही बाहेर राहतात.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत, हे खरं. पण टेकोमाही तिकडचाच. मध्य अमेरिकेतला पर्पल-क्राउन्ड फेअरी हा हमिंगबर्ड आखूड, टोकदार चोचीने लांब नळीचं फूल बुडाशी फोडतो; पुंकेसरांना त्याचा स्पर्शच होत नाही. तरी बी घटेल की नाही, हे नुसत्या भोकावर ठरत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत स्कार्लेट गिलिया या रानफुलाला भोक पाडते बंबलबी (एक मोठी, केसाळ माशी), आणि हमिंगबर्ड तिथे परागवाहक आहे. रस लुटलेल्या झाडांकडे तो कमी फिरकतो. त्या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून बी घटतं. दुसरा परागवाहक भरपूर असता, तर तेवढंच भोक पचून गेलं असतं.

तुमच्याकडे नेमकं काय होतंय, ते असं तपासा. उमलायच्या आदल्या संध्याकाळी २० कळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधा, २० मोकळ्या ठेवून त्यांना ओळखीसाठी दोरा बांधा. सगळ्या एकाच फांदीवरच्या नकोत. सकाळी पिशवीतल्या फुलांना दुसऱ्या टेकोम्याचा पराग मऊ ब्रशने लावून पिशवी पुन्हा बांधा. ते दुसरं झाड तुमच्याच झाडाच्या फांदीपासून केलेलं नको, कारण मग पराग एकाच झाडाचा ठरतो. कुक्षीच्या (फुलात पराग जिथे लागतो त्या टोकाच्या) दोन पाळ्या स्पर्श होताच मिटतात, म्हणून पहिल्याच वेळी पराग पुरेसा घ्या. मोकळ्या फुलांवर भोक केव्हा पडलं आणि कुणी पाडलं, तेही टिपा. बऱ्याचदा ते काम काळ्या भुंग्याचं असतं. परागण झाल्यावर पडलेल्या भोकाने त्या फुलाचं बी सहसा घटत नाही.

गळलेली फुलं मोजू नका; शेंग धरली तरी फुलाची नळी गळतेच. देठावर अंडाशय टिकून लांबतंय का, ते दोन-तीन आठवडे बघा. पिशवीतली धरली आणि मोकळी नाही, तर पराग कमी पडतोय. त्यामागे चोरी असेल किंवा परागवाहकच कमी असतील. दोन्ही धरली नाहीत, तर शिंजिराला सोडा आणि पाणी, ऊन, मुळं बघा.

आणि एक: फुलोरा ओसरला की माळी शेंडे छाटतो का? छाटत असेल, तर शेंगा कचऱ्यात जातायत.