गीझर बंद ठेवणारे शहर

मागच्या वर्षी जुलै महिन्यात दहा दिवस दुबईला धाकट्या बहिणीकडे राहून आलो. जुलैत दुबईला हौसेने कोणी जात नाही आणि विमानाचे तिकीट स्वस्त मिळते ते त्याचमुळे. बहिणीने फोनवर दोनदा बजावले होते, पण मी अकोल्याचा माणूस. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा टाकून बँकेची कामे उरकणाऱ्याला ऊन काय शिकवणार, अशा गुर्मीत मी निघालो. विमानतळाच्या वातानुकूलित इमारतीतून रात्री साडेदहाला बाहेर पाऊल टाकले आणि चष्म्याच्या काचा वाफेने अशा भरून आल्या की समोर उभी असलेली बहीण मला आवाजावरून ओळखावी लागली.

विदर्भाचे ऊन कोरडे असते. ते भाजते, पण सावलीत गेले की सुटका होते आणि रात्री कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतले की झोप लागते. कूलरचे सगळे शास्त्र हवा कोरडी असण्यावर उभे आहे, कारण वाळ्याच्या ताटीतून जाणारी हवा पाणी पिते आणि त्या बदल्यात स्वतःतली उष्णता टाकते. दुबईच्या जुलैतली हवा समुद्राने आधीच तुडुंब भरलेली असते. तिथे घाम वाळत नाही, कूलर चालत नाही आणि सूर्य मावळल्यानेही फारसे काही घडत नाही. कमाल तापमान अकोल्याच्या मे महिन्यापेक्षा दोन-चार अंशांनी कमीच होते, तरी पहिल्याच रात्री माझी गुर्मी उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला गेलो आणि ‘थंड’ असे लिहिलेला नळ सोडला, तर पाणी इतके कढत आले की हात मागे घेतला. बाहेरून बहीण हसत म्हणाली, “दादा, गरम बाजूचा नळ सोड, गार पाणी तिकडे आहे.” मला वाटले, ती थट्टा करते आहे. उन्हाळ्यात इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्यांतले पाणी दिवसभर तापून निघते आणि तेच थंड नळाला येते. म्हणून मे महिन्यातच गीझरचे बटण बंद करून टाकायचे. गीझर घराच्या आत, एसीच्या गारव्यात असल्यामुळे त्याच्या टाकीत साठलेले पाणी हळूहळू निवते, आणि आंघोळीचे गार पाणी मिळते ते गरम पाण्याच्या नळातून. आखातात राहणाऱ्या आपल्या कोणत्याही बाईला विचारा, ती ही युक्ती सांगेल. मला तर दुबईची पहिली खरी ओळख त्या उलट्या नळाने करून दिली आणि पुढचे नऊ दिवस मी शहर त्याच नजरेने पाहत राहिलो. इथे गारवा कुठून येतो, कोणाला किती मिळतो आणि त्याच्या बदल्यात निघणारी उष्णता कोणाच्या अंगावर टाकली जाते, एवढेच मला दिसत होते.

हे मुद्दाम लिहितो आहे, कारण दुबईहून परतलेल्या आपल्या माणसांचे लेखन साचेबंद झाले आहे. काही जण स्वच्छ रस्ते, शिस्त आणि ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा पाहून ‘आपल्याकडे हे कधी होणार’ म्हणून उसासे टाकतात, तर काहींना सगळे शहर नकली, पैशाने विकत घेतलेले आणि आत्मा नसलेले वाटते. दुसऱ्या मताची माणसे बहुधा मॉलच्या बाहेर पडलेलीच नसतात. माणूस राहू नये अशा जागी माणूस कसा राहिला, हा प्रश्न दोन्ही बाजूंना पडत नाही, आणि या शहराचा सगळा इतिहास तर त्याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

तो पाहायचा असेल तर खाडीच्या काठावर अल फहिदी वस्तीत जावे. जुने नाव बस्तकिया. इराणमधल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती वसवली. घरे समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाची, गिलावा जिप्समचा आणि छताला खजुराची खोडे. प्रवाळाचा दगड सच्छिद्र असल्यामुळे बाहेरची उष्णता सहजासहजी आत येऊ देत नाही. गल्ल्या इतक्या अरुंद ठेवल्या आहेत की दोन्ही बाजूंच्या भिंतींची सावली एकमेकींना मिळते. घरांच्या डोक्यावर चौकोनी मनोरे दिसतात, त्यांना तिथे बारजील म्हणतात. मनोरा चारी बाजूंनी उघडा असतो आणि आत उभ्या आडभिंती घातलेल्या असतात, त्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी अडून खाली खोलीत उतरतो आणि तापलेली हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. एका घरात मी नेमका मनोऱ्याच्या खाली जाऊन उभा राहिलो. सकाळचे नऊ वाजले असतील आणि बाहेर वाऱ्याचा पत्ता नव्हता, तरी मानेवर एक झुळूक येत होती. तिला गार म्हणता येणार नाही, पण ती हलती होती आणि जुलैमध्ये तेवढ्यानेही माणसाला बरे वाटते.

हे वाचून कोणी ‘पूर्वजांचे ज्ञान किती थोर’ असा गजर सुरू करू नये. बारजील असलेले घर श्रीमंत व्यापाऱ्याचे असे. बाकीची माणसे खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहत. ज्यांना शक्य होते ती कुटुंबे उन्हाळ्यात किनारा सोडून आतल्या खजुरांच्या बागांकडे जात. त्याच महिन्यांत धडधाकट पुरुष होडीत असत, कारण मोती काढण्याचा मोठा हंगाम पाणी उबदार असतानाचाच, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला. ते मोती मुंबईच्या बाजारात येत. या किनाऱ्यावर व्यवहारात भारतीय रुपया चालत असे आणि नंतर आपल्या रिझर्व्ह बँकेनेच खास आखातासाठी वेगळा रुपया छापला, जो १९६६ पर्यंत दुबईत चालू होता. जपानी कल्चर्ड मोती, म्हणजे शिंपल्यांत मुद्दाम वाढवलेले मोती, आले आणि १९३० च्या दशकात तो धंदा बसला. म्हणजे गारव्याची वाटणी तेव्हाही सारखी नव्हती, आणि तळपत्या समुद्रावर जाणारा वेगळा आणि सावलीत बसून मोती तोलणारा वेगळा, अशीच व्यवस्था होती.

१९५९ मध्ये दुबईचे शासक शेख रशीद यांनी दुबईची वीज कंपनी काढली आणि १९६६ मध्ये तेल सापडले. त्यानंतर मनोऱ्यांचे काम यंत्रांनी घेतले. आज तिथे घर भाड्याने घेताना जाहिरातीत ‘चिलर फ्री’ असे शब्द असतात. त्याचा अर्थ, थंडाव्याचे बिल घरमालक भरणार. शहराच्या बऱ्याच नव्या भागांत प्रत्येक इमारतीचा वेगळा एसी नसतो. मोठ्या केंद्रात पाणी थंड करून ते नळांनी इमारतींपर्यंत पोहोचवतात आणि वापराप्रमाणे आकारणी करतात. आपल्याकडे वीज आणि पाणी यांचे बिल येते, तिथे गारव्याचेही येते. बुर्ज खलिफाच्या एसींमधून ठिबकणारे पाणी गोळा केले तर वर्षाला ५.५ कोटी लिटरहून अधिक भरते आणि ते तिथल्या बागांना घालतात. मला त्या इमारतीच्या उंचीपेक्षा हा आकडा जास्त विलक्षण वाटला. तिचे काँक्रीटसुद्धा उन्हाळ्यात रात्रीच्या वेळी, मिश्रणात बर्फ घालून ओतले होते, कारण दिवसाच्या उन्हात ते नीट जमण्याआधीच तापून तडकले असते. पिण्याचे पाणी जवळजवळ सगळे समुद्राचे. ते गोडे करायला पुन्हा ऊर्जा लागते, आणि उरलेले जास्त खारट पाणी ज्या आखातात परत सोडतात त्याची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर आहे.

भाच्याच्या हट्टासाठी मॉलमधला बर्फाचा डोंगरही पाहिला. आत शून्याखाली तापमान, भाड्याचा कोट, पेंग्विन. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखे दिसले ते करामा भागातल्या बहिणीच्या इमारतीच्या मागच्या बोळात. कचरा टाकायला म्हणून मी एका दुपारी तिकडे गेलो. बोळाच्या दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत एसीची बाहेरची यंत्रे टांगलेली होती, सगळी एकदम घुरघुरत होती आणि प्रत्येकातून भट्टीच्या तोंडाशी येतो तसा झोत बाहेर पडत होता. खाली ठिबकलेल्या पाण्याचे ओघळ होते आणि एका ओघळाशी मांजर पाणी पीत बसले होते. यंत्र गारवा निर्माण करत नाही, ते घरातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते, हे मी शाळेत शिकलो होतो. पण ती टाकलेली उष्णता अंगावर घेत तीस पावले चालण्याची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली. त्याच बोळात एक मोटरसायकलवाला घराघरांत जेवण पोहोचवणारी पेटी मागे लावून, यंत्रांच्या झोतातच थोडी सावली शोधून उभा होता.

आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली तिच्याकडे येतो. संयुक्त अरब अमिरातीत २००५ पासून उन्हाळ्यासाठी एक नियम आहे. दर वर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी असते. नियम मोडणाऱ्या मालकाला दर मजुरामागे ५,००० दिरहॅम दंड होतो आणि मजूर जास्त असतील तर ही रक्कम ५०,००० पर्यंत जाते. ज्या कामांत खंड पाडता येत नाही त्यांना सूट आहे आणि मोटरसायकलवर जेवण पोहोचवणारी मुले मला भर दुपारी सर्वत्र दिसली. त्यांच्यासाठी ठिकठिकाणी एसी लावलेल्या विश्रांतीच्या छोट्या खोल्या बांधल्या आहेत. तरीही पाऊणच्या सुमारास मेट्रोच्या खिडकीतून बांधकामे अक्षरशः थांबलेली मी पाहिली. क्रेन स्थिर होती आणि पत्र्याच्या छपराखाली डोक्यावरची शिरस्त्राणे उशाला घेऊन माणसे ओळीने आडवी झाली होती.

या सुट्टीची दुसरी बाजू रविवारी संध्याकाळी कळली. खाडीवर आब्रा, म्हणजे पलीकडे नेणारी छोटी होडी, जिथे लागते तिथल्या कठड्यावर एक जण शेजारी येऊन बसला. मी फोनवर अकोल्याशी बोलत होतो, ते ऐकून त्याने विचारले, “काका, महाराष्ट्रातले का?” तो निजामाबाद जिल्ह्यातला, आपल्या देगलूर-बिलोलीच्या सीमेपलीकडचा. मराठीला तेलुगू वळण होते, पण बोलणे स्वच्छ होते. सळ्या बांधण्याचे काम करणारा, आठ वर्षे तिथे. मी त्या दुपारच्या सुट्टीचे कौतुक करू लागलो, तेव्हा तो मान हलवून म्हणाला, “चांगलं आहे काका. पण त्या दिवसांत गाडी पहाटे चारला येते. मग तीनला उठायचं, डबा भरायचा. तीनपर्यंत सुट्टी, मग परत काम. कॅम्पवर जाईपर्यंत सात.” त्याने पुढे सांगितले ते असे की, ते अडीच तास झोपता येतेच असे नाही, कारण सगळ्या साईटवर सावलीची जागा सारखी नसते आणि पंख्यासमोरची जागा आधी पोहोचणाऱ्याची. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. उलट मी काय काम करतो, मुलगी कितवीला आहे, हेच तो जास्त विचारत होता.

तो राहतो त्या मजुरांच्या वस्तीला आपली माणसे सोनापूर म्हणतात. कागदोपत्री नाव वेगळे आहे. आमचे आजोबा मुंबईत गिरणीत होते आणि त्यांच्या तोंडी ‘सोनापूर’ म्हणजे चंदनवाडीचे स्मशान. कोणी गेले की ‘सोनापुरात पोचवून आलो’ म्हणायचे. मी हे त्याला सांगितले नाही.

माझे मत असे आहे, आणि ते दोन्ही पक्षांना आवडणार नाही. दुबईकडून घेण्यासारखे काही असेल तर तो मनोरा नाही आणि बर्फाचा डोंगर तर नाहीच. तो अडीच तासांचा नियम आहे, त्याच्या सगळ्या उणिवांसकट. ज्या देशात मजुराला संघटना करता येत नाही, जिथे आयुष्य घालवूनही तो नागरिक होत नाही, तिथे सरकारने हे कागदावर आणले आणि त्याला दंड जोडला. आमच्या विदर्भात उन्हाळ्यात शेतावरचे मजूर पहाटे जाऊन अकराला परततात, हा शहाणपणा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. नागपुरात सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठी हिरव्या जाळ्या बांधतात, आणि वाहन असलेल्या माणसाला त्या दीड मिनिटाची सावली मिळते. पण मे महिन्यात माझ्या घरासमोरच्या इमारतीवर दुपारी दोन वाजता सेंट्रिंगवाले उघड्या स्लॅबवर लोखंड बांधत होते. तापलेली सळई हाताला लागू नये म्हणून त्यांनी तळव्यांना सिमेंटच्या पोत्याचे तुकडे गुंडाळले होते. मी त्यांना माठातले पाणी नेऊन दिले, घरी आलो, एसी लावला आणि स्वतःला बरा माणूस समजून झोपलो. त्या एसीचे बाहेरचे यंत्र त्यांच्याच बाजूला तोंड करून बसवलेले आहे, हे दुबईहून परत आल्यावर लक्षात आले.

बहिणीचा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन आला. दिवाळीचे काय-काय पाठवू वगैरे बोलून झाल्यावर ती म्हणाली, “दादा, आज सकाळी गीझरचं बटण लावलं बघ. संपला एकदाचा उन्हाळा.” मी कॅलेंडरकडे पाहिले. दुपारच्या सुट्टीचा नियम १५ सप्टेंबरलाच संपलेला होता.