आतली हवा, बाहेरची खाडी

‘केमिकल नको, स्वच्छ उद्योग आणा’ हा मेसेज खेड-चिपळूणकडच्या आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. स्वच्छ म्हणजे काय, तर औषधं, कॉम्प्युटरच्या चिप्स, क्लीनरूम, म्हणजे हवा गाळून धूळ, ओलावा आणि तापमान काबूत ठेवलेली खोली. क्लीनरूम उभारणं हेच माझं पोट. त्यामुळे भाऊबंद मलाच विचारतात, ‘तुमच्या आयर्लंडात, कॉर्कला जमतं, मग आपल्याकडे का नाही?’

जमेल की. पण आधी आपल्या हवेचा हिशेब करा. जुलैत २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली की एक किलो हवेत सुमारे २१ ग्रॅम पाणी असतं. क्लीनरूमच्या आत पाहिजे २० अंश आणि ५० टक्के, म्हणजे जेमतेम ७ ग्रॅम. तासाला हजार घनमीटर ताजी हवा आत घेतली तर सोळाएक लिटर पाणी नुसतं एसीच्या गार नळ्यांवरून (कॉइलवरून) गळणार. त्यासाठी हवा आधी गारठवायची आणि मग पुन्हा तापवायची. विजेचं बिल तिथेच फुगतं. पाऊस कॉर्कलाही आहे, पण थंड हवेत मुळात वाफच कमी मावते. शिवाय आपला खारा वारा हवा वाहून नेणाऱ्या डक्टचा पत्रा खातो. वीज गेली की बाहेरची हवा रोखून धरणारा, खोल्याखोल्यांमधला १०-१५ पास्कलचा दाबाचा फरक बसतो, बाहेरची हवा आत शिरते आणि बॅचवर पाणी सोडावं लागतं. पण हे सगळं पैशाने सुटतं.

मला खटकतो तो ‘स्वच्छ’ हा शिक्का. आयएसओ क्लास ५, म्हणजे हवेच्या स्वच्छतेच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या एका कडक वर्गाच्या खोलीत घनमीटरमागे अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जास्तीत जास्त ३,५२० कण चालतात. ही काळजी मालाची, गावाची नव्हे. मागच्या दाराने जाणारं सॉल्व्हंटचं (विद्रावक रसायनांचं) पाणी त्या मोजणीत येतच नाही. औषधाचा मूळ घटक जिथे बनतो तो केमिकल कारखानाच, आत कितीही पांढरे झगे घाला. लोटे-परशुरामच्या केमिकल वसाहतीच्या सांडपाण्यावरून दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं कंठशोष करतायत, ते काय उगाच?

इकडचे आयरिशही काही जन्मजात शहाणे नव्हेत. पूर्व कॉर्कमधला मेरेल डाऊचा नियोजित औषध कारखाना शेतकऱ्यांच्या विरोधापुढे १९८९ मध्ये बारगळला. १९९३ मध्ये स्वतंत्र पर्यावरण संस्था उभी राहिली. आज परवान्याच्या अटी आणि मोजणीचे अहवाल घरबसल्या वाचता येतात, परवान्याच्या अर्जावर कुणीही हरकत घेऊ शकतो. आणि कारखाने? कॉर्कच्या बंदराभोवती जोरात चाललेत.

सांडपाण्यावर मीटर बसवायचा नियम आपल्याकडेही आहे. आकडा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरवर जातो. तोच रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत लागला पाहिजे, एवढी एक अट जनसुनावणीत घाला. माझा चुलतभाऊ म्हणतो, असं अडून बसलो तर कंपनी सरळ गुजरात गाठेल. गाठेलही. पण आतली हवा मिनिटामिनिटाला मोजणाऱ्या कंपनीला एक फळा लिहायला परवडत नाही, हे मला कुणी सांगू नये.