‘ताई, आधी सरळ मारायला शिका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सिंगल हँडिकॅपर’, म्हणजे एक आकडी हँडिकॅपचा पट्टीचा खेळाडू, या नावानं लिहिणाऱ्या वाचकांना नमस्कार.

मागच्या आठवड्यात मी गेल्या पंचवीसेक वर्षांत बांधलेल्या आणि म्हणावं तसं कौतुक वाट्याला न आलेल्या तीन गोल्फ कोर्सवर लिहिलं होतं. कॅलिफोर्नियातला रस्टिक कॅन्यन, नेब्रास्कातला वाइल्ड हॉर्स आणि कोलोरॅडोतला कॉमनग्राउंड. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. इतरांना संदर्भ कळावा म्हणून ती जशीच्या तशी देते (खेळ नवा असलेल्यांसाठी : सुरुवातीची जागा म्हणजे ‘टी’, शेवटी भोक असलेलं बारीक गवत म्हणजे ‘ग्रीन’, मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे ‘फेअरवे’, आणि हे सगळं मिळून एक ‘होल’. ऑगस्टा आणि पेबल बीच हे अमेरिकेतले नावाजलेले कोर्स):

“ताई, यादी वाचून करमणूक झाली. रुंद फेअरवे म्हणजे सोपा कोर्स, एवढं साधं गणित आहे. ज्यांना बॉल सरळ मारता येत नाही त्यांनाच असले कोर्स आवडतात. आधी सरळ मारायला शिका. ऑगस्टा, पेबल बीच खेळून या, मग ‘दुर्लक्षित’ वगैरे लिहा. चांगला कोर्स असता तर मोठ्या याद्यांत आलाच असता. वाइल्ड हॉर्स १९९५चा नाही, १९९९चा आहे. आणि कॅलिफोर्नियात पाण्याची बोंब असताना गोल्फ कोर्सचं कौतुक शोभत नाही.”

सालाचं तुमचं बरोबर आहे. १९९५ साली सुरू झाला तो सँड हिल्स, त्याच राज्यातला, मुलनजवळचा. वाइल्ड हॉर्स १९९९चा. माझी चूक झाली, लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती दाखवून दिल्याबद्दल तुमचे आभार मानते. आणखी एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगते. रस्टिक कॅन्यनचं सगळं श्रेय मी कोर्सचे रचनाकार गिल हॅन्स यांना देऊन टाकलं होतं. जिम वॅग्नर आणि जेफ शॅकलफर्ड यांचाही त्यात तेवढाच हात आहे. तेही आता लिहिलं आहे.

पाण्याचा विषय इथे काढायचं कारण मला कळलं नाही. माझा लेख कोर्सच्या रचनेवर होता. पाण्यावर लिहायचं तर स्वतंत्र लिहावं लागेल, ते आज नको.

आता ‘ताई’. मला गावाकडची लहान मुलं ताई म्हणतात, माझ्या धाकट्या भावाचे मित्र म्हणतात, आणि ते कानाला गोड लागतं. तुमचं ‘ताई’ त्यातलं नाही. ते ‘बाजूला व्हा’ या अर्थाचं आहे आणि ते मी आधीही ऐकलं आहे. बारा वर्षांपूर्वी सुट्टीत घरी आले होते तेव्हा आपल्याकडच्याच एका क्लबात पाहुणी म्हणून खेळायला गेले. सकाळच्या वेळा पुरुष सदस्यांच्या, म्हणून मला दुपारी बाराची वेळ मिळाली. दोन्ही बाजूंना झाडं, मधे चिंचोळा फेअरवे. तिसऱ्या होलवर माझा बॉल झाडात गेला. मी शोधत होते, दोन मिनिटंही झाली नव्हती, आणि मागच्या चौघांतल्या एकानं हाक दिली, “ताई, बाजूला व्हा, आम्हाला खेळू द्या.” मी बाजूला झाले. त्या दिवशी नऊ होलही पुरे केले नाहीत. तुमची प्रतिक्रिया वाचताना तोच आवाज ऐकू आला. मतभेद असायला माझी हरकत नाही. हा सूर मात्र मी इथे चालवून घेणार नाही.

आता मुख्य वाक्याकडे येते. ‘रुंद फेअरवे म्हणजे सोपा कोर्स.’ सगळं त्यावरच उभं आहे आणि तेच चूक आहे.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. पहिला आणि अठरावा होल शेजारी शेजारी, मधे काहीच नाही, दोन्ही मिळून फेअरवे शंभर यार्डांपेक्षा रुंद. तुमच्या गणितानं तो जगातला सर्वांत सोपा कोर्स ठरायला हवा. सतराव्या होलवर डावीकडे मारायला भरपूर जागा आहे आणि बहुतेक जण घाबरून तिकडेच मारतात. मग दुसऱ्या शॉटला ग्रीन आणि त्यांच्यामधे रोड बंकर नावाचा वाळूचा खड्डा येतो. ग्रीन नीट उघडतं ते उजवीकडून, हॉटेलच्या कडेनं मारलं तर. डावीकडे गेलेल्याचा बॉल हरवत नाही, दंड बसत नाही, पण त्याची किंमत त्याला पुढच्या शॉटला मोजावी लागते. रुंदीचं काम हे असं चालतं.

आणि ज्या ऑगस्टाचं नाव तुम्ही माझ्या तोंडावर फेकलंत, तो रचनाकार अ‍ॅलिस्टर मॅकेंझी आणि खेळाडू बॉबी जोन्स यांनी याच ओल्ड कोर्सचा विचार डोळ्यांपुढे ठेवून आखला. ऐसपैस फेअरवे, मोजके बंकर, आणि रफ, म्हणजे फेअरवेच्या कडेचं उंच गवत, म्हणावं असं जवळपास नाहीच. ‘सेकंड कट’ नावाचं जरा वाढवलेलं गवत तिथे आलं ते १९९९ साली, म्हणजे कोर्स सुरू होऊन साठ-पासष्ट वर्षं उलटल्यावर. ‘ऑगस्टा खेळून या’ म्हणणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक असायला हवं होतं. ‘खेळून या’ म्हणण्याआधी हेही आठवायला हवं होतं की तिथे पैसे भरून खेळता येत नाही, सदस्यानं बोलावल्याशिवाय फाटकातून आत जाता येत नाही, आणि २०१२ सालापर्यंत त्या क्लबात एकही बाई सदस्य नव्हती. हे तुम्ही एका बाईला सांगताय. पेबल बीच सगळ्यांना खुला आहे, पण एका फेरीला सहाशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. तेवढ्यात माझ्या घरचा महिन्याचा किराणा येतो.

रस्टिक कॅन्यनवर मी नऊ वर्षं खेळते आहे. लॉस एंजेलिसच्या वायव्येला मूरपार्क गाव आहे, त्याच्या मागच्या हॅपी कँप कॅन्यनमधे, व्हेंचुरा काउंटीच्या जागेवर २००२ साली हा कोर्स झाला. डोंगरांच्या मधली सपाटशी दरी, सेजची झुडपं, आणि मधून जाणारा ओढा, जो वर्षातले बहुतेक दिवस कोरडाठाक असतो. माती फारशी हलवलेली नाही, जमीन होती तशीच वापरली आहे. फेअरवे इतके रुंद की पहिल्यांदा आलेला माणूस टीवर उभा राहून विचारतो, मारायचं नेमकं कुठे? प्रश्न बरोबरच असतो. उत्तर मात्र टीवर सापडत नाही, ते ग्रीनवर, पिन, म्हणजे भोकातली झेंड्याची काठी, कुठे लावलंय त्यात असतं.

एका शनिवारची गोष्ट सांगते. माझा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या काठीचा शॉट, दीडशे यार्ड जातो, फार तर एकशेसाठ. हँडिकॅप बावीस, आणि हा आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा. हे लपवायचं मला काही कारण नाही. त्या दिवशी आमच्याबरोबर एक तरुण मुलगा होता, कॉलेजच्या संघात खेळलेला, सहज पावणेतीनशे यार्ड मारणारा. बारावा होल छोटा पार ४ आहे, म्हणजे चार शॉटमधे पुरा व्हावा असा, अंगात जोर असलेले एका शॉटमधे ग्रीनच्या आसपास पोचतात. त्यानं फेअरवेच्या बरोबर मध्यावर मारला. सरळ, तुम्हाला हवा तसा. ग्रीनला चाळीसेक यार्ड उरले. पण त्या दिवशीचं पिन अशा जागी होतं की मधून आलेला बॉल उतारावर पडून पलीकडे घरंगळत जात होता. त्यानं वेजनं, म्हणजे बॉल उंच उडवणाऱ्या काठीनं, छोटा उंच शॉट मारला, बॉल पिनच्या मागे टेकला आणि सरकत सरकत ग्रीनवरून खाली उतरला. परत येताना अलीकडे उतरला. मी दोन शॉट कडेकडेनं मारत आले होते, कारण ते पिन मी आधी एकदा भोगलं होतं. तिसरा शॉट मी आठ नंबरच्या आयर्ननं जमिनीलगत ढकलला, उतारानं तो स्वतःच वळवून घेतला आणि चार फुटांवर थांबला. मला चार, त्याला सहा. तो मुलगा गुणी, ग्रीनवरून मागे चालत गेला आणि खाली बसून तो उतार बघत राहिला. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला तेव्हा टीवरून त्यानं कडेलाच मारला.

तर सरळ मारणं आणि बरोबर मारणं यांत हा फरक आहे. तुमच्या झाडांच्या बोळात सरळ म्हणजेच बरोबर, दुसरा मार्गच नाही. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर नामांकित खेळाडूही ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात. त्यातही कसब लागतं, मी नाही म्हणत नाही. पण तिथे विचार कोर्सच करून ठेवतो, खेळणाऱ्यानं फक्त आज्ञा पाळायची. रस्टिकवर प्रत्येकाला आपापला विचार करावा लागतो, रोज नव्यानं, कारण पिन रोज हलतं.

आई सहासष्ट वर्षांची असताना सांगलीहून माझ्याकडे आली होती. आयुष्यात कधी गोल्फची काठी हातात धरलेली नव्हती. संध्याकाळी कोर्स रिकामा झाल्यावर मी तिला शेवटच्या काही होलवर बरोबर नेलं. पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट. ग्रीनपासून तीस-चाळीस पावलं दूर बॉल ठेवला आणि हातात पटर, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवायची काठी, दिला. अरुंद, मऊ गवताच्या कोर्सवर तिथून पटरनं काही होत नाही, बॉल रुतून बसतो. इथे जमीन टणक, गवत बारीक कापलेलं, फेअरवे सरळ ग्रीनमधे मिसळलेला. पहिला बॉल चढावर अर्धा गेला आणि फिरून तिच्या पायाशी येऊन थांबला. दुसरा पण. तिसऱ्या वेळी तिनं पिनकडे पाहिलंच नाही, डावीकडचा उंचवटा बघितला आणि त्यावर मारला. बॉल वर गेला, वळला, आणि ग्रीनवर जाऊन राहिला. “अगं, हे आमच्या गोट्यांसारखंच आहे,” म्हणाली. लहानपणी भावांबरोबर अंगणात गोट्या खेळताना ती उतार बघून गोटी सोडायची, ते तिच्या हातात पन्नास वर्षांनी जिवंत होतं. त्याच ग्रीननं त्या पावणेतीनशेवाल्या मुलासारख्यांना रडवलं आहे. कॉलेजच्या संघातला मुलगा आणि माझी आई, दोघांनाही एकच जमीन काहीतरी विचारते, असा कोर्स मला दाखवा आणि मग सोपा म्हणा.

तुम्ही यातला एकही कोर्स खेळल्याचं कुठे लिहिलेलं नाही. खेळला असतात तर लिहिलं असतंच, सिंगल हँडिकॅप जसा नावातच लिहिलात. न पाहिलेल्या जमिनीवर असा शेरा मारणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, आणि ते करून वर मला शिकवायला येणं मला झोंबलं. हो, झोंबलं.

याद्यांबद्दल थोडं. हॅन्स, वॅग्नर आणि शॅकलफर्ड याच तिघांनी पुढे लॉस एंजेलिस कंट्री क्लबचा नॉर्थ कोर्स जुन्या आराखड्याप्रमाणे परत उभा केला. तिथे २०२३ची यूएस ओपन झाली आणि सगळ्या जगानं रुंद फेअरवे पाहिले. रिओ ऑलिंपिकचा २०१६चा कोर्सही हॅन्स यांचाच. लॉस एंजेलिस कंट्री क्लबात तुम्हाआम्हाला प्रवेश नाही. त्याच हातांनी केलेला कोर्स मूरपार्कला सगळ्यांसाठी उघडा आहे, त्याचं नाव किती जणांच्या तोंडी आहे? वाइल्ड हॉर्सचंही तेच. डेव्ह अ‍ॅक्सलंड आणि डॅन प्रॉक्टर या दोघांनी सँड हिल्सच्या बांधणीवर काम केलं, आणि मग गॉथेनबर्ग या साडेतीन हजार वस्तीच्या गावात, आय-८० महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, तसल्याच वाळूच्या जमिनीवर हा कोर्स केला. सँड हिल्स खासगी आहे, तो याद्यांत वरच्या रांगेत असतो. वाइल्ड हॉर्सवर कुणीही जाऊन पैसे भरावेत आणि खेळावं. डेन्व्हरहून ओमाहाला जाताना आम्ही वाट वाकडी करून गेलो होतो. पार्किंगमधे तीन पिकअप ट्रक, एकात मागे बसलेलं कुत्रं. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, चालत खेळणार ना? वारा एवढा होता की टोपी हातात धरावी लागत होती आणि फेअरवेची ती रुंदी त्या दिवशी मला पुरली नाही. तिथे वारा असताना चिंचोळा फेअरवे करणं म्हणजे खेळणाऱ्याला दिवसभर गवतात बॉल शोधायला लावणं.

कॉमनग्राउंडवर तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही, म्हणून मीही थोडक्यात सांगते. ऑरोरा शहरात, लोरी हवाई तळाच्या जुन्या जागेवर रचनाकार टॉम डोक यांनी २००९ साली केलेला, राज्याच्या गोल्फ संघटनेच्या मालकीचा. शाळकरी मुलांना तिथे कॅडीचं, म्हणजे खेळाडूची बॅग वाहण्याचं, काम शिकवतात. २०१२च्या यूएस अ‍ॅमॅचर या हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या चेरी हिल्स क्लबाबरोबर इथेही झाल्या. तेव्हा ‘सोपा’ हा शब्द त्या खेळाडूंना विचारून वापरा.

रस्टिकवर माझी शनिवारची सकाळची वेळ ठरलेली असते, चौघांत बहुधा एक जागा रिकामी असते. कॅलिफोर्नियात आलात तर इथेच खाली लिहा, मी नाव घालून ठेवीन. बाराव्यावर टी तुम्ही आधी घ्या.