पंचवीस की बावन्न?

केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमाने पहिलीच्या मुलाकडून फार काही मागितलेलं नाही. वर्षअखेर अनोळखी मजकुरातलं चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं, ९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात, साधी बेरीज-वजाबाकी जमावी. झालं. एवढं वाचून आम्ही पालक निर्धास्त होतो. मग जूनमध्ये पाऊस आणि गृहपाठ बरोबरच सुरू होतात. त्यातला पाऊस निदान सप्टेंबरात ओसरतो.

पहिला पेच बिनकान्याच्या, बिनमात्र्याच्या शब्दांत असतो. ‘कमळ’ बघून मूल क, म, ळ ही तिन्ही अक्षरं खणखणीत म्हणतं आणि कौतुकाची वाट बघत थांबतं. या तिघांचं मिळून कमळ होतं, हे त्याच्या गावीही नसतं. दोष त्याचा नाही. शिकवताना आपण प्रत्येक अक्षराला पुरा ‘अ’ लावतो आणि बोलताना मात्र शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ गिळून टाकतो. वर ओरडतो, “अरे, जोडून वाच!” जोडून म्हणजे नेमकं काय करायचं, ते काही सांगत नाही. माझ्या मते हे घरोघरचं सर्वांत निरुपयोगी वाक्य आहे. त्यापेक्षा श्वास न तोडता ‘कऽऽमऽऽळ’ असं ओढत एका अक्षरातून दुसऱ्यात शिरायचं, आणि दर खेपेला ओढ कमी करायची. सुरुवात ‘घर’, ‘नख’ अशा दोन अक्षरांपासून. थेट ‘शलगम’वर उडी मारणाऱ्या पालकाला मीठ न घालता पेज द्यावी.

पुढे वेलांटी येते. ‘पिशवी’ म्हणताना तोंडात आधी प येतो, म्हणून मूल आधी प काढतं. मग डावीकडे वेलांटीला जागा उरत नाही आणि ती मागच्या शब्दाच्या अंगावर चढते. वाचतानाही तीच गत. वेलांटी आधी दिसते, उच्चारायची मात्र नंतर. अनुस्वार, उकार, जोडाक्षरं यांच्याबद्दल मी इथे बोलत नाही. रक्तदाब सांभाळायला हवा.

गोव्यात आणखी एक मजा. घरात कोकणीत ‘स’, ‘णव’, ‘धा’ मोजणारं मूल मराठी शाळेत ‘सहा’, ‘नऊ’, ‘दहा’ म्हणायला चटकन शिकतं. तोंडाचा प्रश्न नाहीच. गोची होते ती अंकांच्या चेहऱ्यांची. वहीत मराठी अंक, तर कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर, कॅलेंडरवर आणि टीव्हीच्या रिमोटवर इंग्रजी. मराठी ४ चं डोकं वरून बंद केलं की इंग्रजी आठ तयार. मराठी १ तर इंग्रजी नवाचा जुळा भाऊच. पहिलीच्या मुलाच्या हाती रिमोट गेला की भलतंच चॅनेल लागतं, त्यामागे एवढं शास्त्र आहे.

आणि मग पंचवीस. कानावर आधी पाच पडतो, म्हणून मूल आधी ५ लिहितं, मग २. झाले बावन्न. ही चूक कसली, हा आज्ञाधारकपणा आहे! कोकणीकडे पळावं तर तिथेही पाच आधीच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असं वाचन आलं, तर महाराष्ट्रात थेट विधिमंडळापर्यंत वाद गेला. शिवाय अठ्ठावीसनंतर मूल ‘नववीस’ म्हणतं. तर्क बिनतोड आहे, पण आपण त्याला ‘एकोणतीस’ सांगतो, म्हणजे अजून न उगवलेल्या तिसातून एक वजा. ही वजाबाकी एकोणनव्वदपर्यंत घोकून घ्यायची, आणि नव्याण्णवला नियमच सोडून द्यायचा.

यावर उपाय खराट्यात आहे. मारायचा नव्हे, मोडायचा. माडाचे हीर, म्हणजे खराट्याच्या काड्या, बोटभर लांबीचे तोडावेत, टोकं घासून घ्यावीत आणि दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधावेत. गठ्ठे मुलानेच मोजून बांधायला हवेत. आयता गठ्ठा हातात दिला तर त्याच्या लेखी तो ‘एक’च असतो, दहा नव्हे. पहिल्या दिवशी काही गठ्ठे नऊचे निघतील, काही अकराचे; सोडवून परत मोजायला लावावेत. पंचवीस लिहिण्याआधी दोन गठ्ठे डावीकडे आणि पाच सुटे उजवीकडे मांडायचे, मग त्याच क्रमाने अंक लिहायचे. मात्र शिकवणाऱ्याने शेजारी बसावं. समोर बसलात तर तुमचं डावं ते त्याचं उजवं, आणि बावन्न पुन्हा हजर. हीर नसतील तर सुट्या मोजणीला चिंचोके चालतात, फक्त ते बरोबर नाकात जाण्याच्या मापाचे असतात. काजूच्या कच्च्या बिया कितीही पडलेल्या असोत, देऊ नयेत. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

बेरजेत ५ अधिक ३ चं उत्तर सात आलं, तर बोटं बघावीत. मूल पहिल्या बोटाला ‘पाच’ म्हणून ‘पाच, सहा, सात’ मोजत असतं. पाच मुठीत बंद करून ठेवायचे आणि पहिल्या उघड्या बोटाला ‘सहा’ म्हणायचं.

सगळ्यात कठीण शब्द ‘जास्त’. एकीकडे ८ बांगडे, दुसरीकडे ५, तर किती जास्त? ‘जास्त’ ऐकलं की मूल बेरीज करून तेरा लिहितं. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत एवढे बांगडे वहीतच दिसतात, म्हणून खोडायला जीवावर येतं, पण खोडावेत. दोन ओळी काढून वरच्या बांगड्याला खालचा जोडत जायचं. जोडी न मिळालेले तीन म्हणजे उत्तर. यावर हमखास प्रश्न येतो, त्या तिघांचं करायचं काय? ‘हुमण’, म्हणजे माशांची आमटी, असं लिहू देऊ नये. बाई गुण देत नाहीत.