अंदमानला स्वेटर? त्यापेक्षा पंचा घ्या

दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड हमखास उगवतो: 'अंदमानला दिवाळीनंतर जा, पाऊस संपलेला असतो, रेनकोटचं ओझं नको. रात्री गारठा असतो, स्वेटर ठेवा. बाकी जीन्स-बूट पुरे. बीच पाचनंतर करा, ऊन उतरतं.'

पाऊस संपतो तो आपल्याकडे. अंदमानात नैर्ऋत्य मोसमी वारे मे महिन्यातच, केरळच्याही आधी पोहोचतात, आणि ते माघारी फिरले की डिसेंबरपर्यंत ईशान्येकडचे वारे सरी आणत राहतात. वर्षाकाठी साधारण ३००० मिलिमीटर पाऊस. त्यात बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा हंगामही हाच. डिसेंबर २०१६ मध्ये बोटी बंद झाल्या, हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) शेकडो पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. तेव्हा रेनकोट घ्याच (जेट्टीवरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते), आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) मोकळा ठेवा. कोरडी हवा हवी असेल तर जानेवारी ते एप्रिल.

स्वेटरचं काय सांगावं! रात्रीचा पारा २२-२३ अंशांच्या खाली क्वचितच जातो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला बहुधा एसी बोटीत हुडहुडी भरली असावी. तेवढ्या गारठ्याला ओढणी पुरते.

जीन्सबद्दल मात्र मी अनुभवाने बोलतो. नील बेटावर (आताचं शहीद द्वीप) बोटीतून उतरताना माझी जीन्स मांडीपर्यंत भिजली. बाल्कनीत वाळत घातली, तर तिसऱ्या दिवशीही कंबरपट्टा आणि खिसे ओलेच. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आणली. घरी पिशवी उघडली तेव्हा त्या कुबट वासाने बायको दोन पावलं मागे सरकली. आईने बळेच दिलेला पंचा तेवढा रोज रात्री पंख्याखाली खडखडीत वाळायचा. बुटांचीही तीच गत. काही ठिकाणी बोट किनाऱ्याला लागत नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं आणि खाली प्रवाळाचे धारदार तुकडे असतात. मागे पट्टा असलेले रबरी सँडल बरे.

आणि पाचनंतर बीच? घड्याळ आपलंच, पण बेटं मुंबईच्या वीस अंश पूर्वेला. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेपाचला पोहोचाल तर अंधार, आणि पायांना कडकडून चावणाऱ्या वाळूतल्या माश्या. त्यांच्यासाठी पायघोळ पँट हवीच, पण सुती.