साडेपाच तास अन् चार सेकंद

आज सकाळी बसस्टँडवर चहाला थांबलो. टपरीवाल्या पोरानं कप पुढे केला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सर, घडी दुरुस्त झाली म्हन्ते तुमची?" बाकावरचे दोघं पेपरात तोंड खुपसून हसले. मी तोंड भाजत चहा संपवला आणि निघालो. सुटे दोन रुपये घ्यायचेही राहिले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या या गावात मी सोळा वर्षं गणित शिकवतोय. शाळेतल्या बारा कॉम्प्युटरांपैकी जे चार चालतात, ते माझ्या जिवावर. आणि गावाच्या दप्तरी आता नोंद काय, तर सरांना घड्याळ लावता येत नाही. हे सगळं शेजारच्या काकाजींमुळं झालं. माझी बाजूही कुठंतरी असावी, म्हणून लिहितोय.

मूळ गोष्ट एवढीशी. माझ्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर चालवायच्या बिनतारी रेडिओचा परवाना आहे, व्हीयू३नं सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं माझं नाव, आहे, एक जुना रेडिओ आहे आणि अंगणातल्या कडुनिंबावरून दोन बाजूंना उतरवलेली तार आहे. तिला घरचे अँटेना म्हणत नाहीत, 'वाळवणाची' म्हणतात. लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४. त्यात डब्ल्यूएसजेटी-एक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं, एफटी८ ऐकायला. एफटी८मध्ये माणूस बोलत नाही. इकडचा कॉम्प्युटर शिट्ट्या मारतो, तिकडचा ओळखतो. आपल्या कानाला नुसती खरखर येते, पण तिच्यातून हे सॉफ्टवेअर अक्षरं काढतं. सगळं फुकट आणि मुक्त. 'एक कमांड द्या, झालं!' असं जिथं तिथं लिहिलेलं असतं. हे 'झालं' लिहिणाऱ्याला एकदा आमच्याकडं मे महिन्यात आणून बसवायचंय. टॉवरची एक काडी, लाईनचा भरवसा नाही, लॅपटॉपची बॅटरी मेलेली, आणि घड्याळ चालू ठेवणारा आतला बटणाएवढा सेलही मेलेला. दे म्हणावं आता कमांड.

रविवारी दुपारी कमांड दिली. उत्तर आलं, सॉफ्टवेअरची ही यादी अजून वैधच झालेली नाही, चार दिवसांनी होईल. म्हणजे मी लॅपटॉप बुधवारी बंद केला होता आणि त्याच्या लेखी अजून बुधवारच सुरू होता. नेट आलं की तो आपली वेळ आपण लावून घेतो, पण एवढा धीर कोणाला? मी ते आपोआपचं प्रकरण बंद केलं आणि मोबाईलमध्ये बघून वेळ हातानं टाकली. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

तेवढ्यात काकाजी आले. हातात मोबाईल. केवायसी करायची होती आणि ओटीपी 'येऊन नाई रायला' होता. आले ते बाजेवर बसले, खांद्यावरचा दुपट्टा माझ्या अँटेनावर टाकला, खिशातून खऱ्र्याची पन्नी काढली आणि ती तंबाखू-सुपारी मांडीवर ठेवून घोटायला लागले. काकाजींचा खर्रा घोटायचाही एक ठेका असतो. गुरुदेव मंडळाच्या भजनात चाळीस वर्षं खंजिरी वाजवलेला हात आहे तो.

"काय करून रायला मास्तर?"

सांगितलं.

"मोबाईल नाई काय तुह्यापाशी?"

हा प्रश्न प्रत्येक हॅमला आयुष्यभर विचारला जातो, म्हणून माझं उत्तर पाठ आहे. २००४च्या त्सुनामीत अंदमानातले फोन बंद पडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरला आधीच गेलेल्या भारती प्रसाद यांच्या हॅम पथकानं तिथल्या बातम्या मुख्य भूमीवर पोचवल्या, वगैरे. काकाजींनी मन लावून ऐकलं.

"आपल्याइकडे समुद्र कुठी हाय?"

मी स्क्रीनकडे वळलो. तिथं लग्नाची यादी सुरू झाली होती. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वेगळी उतरवून घेतली होती, तिला अमुक लायब्ररी, म्हणजे आधाराला दुसरं सॉफ्टवेअर, पाहिजे. ती लायब्ररी म्हणते, माझ्यासोबत तमुक आणा. तमुक म्हणते, माझी जुनी आवृत्ती घरात असताना मी पाय ठेवणार नाही. एकाला बोलावलं की त्याचा साळा, साळ्याला बोलावलं की त्याचे व्याही. यात फोरट्रानचंही काहीतरी पाहिजे होतं. फोरट्रान ही प्रोग्रामिंगची १९५७ची भाषा, म्हणजे मानाची आजेसासू. तिला आणल्याशिवाय मांडव पडत नाही. एक काडी नेटवर हे सगळं वऱ्हाड यायला सव्वा तास लागला. मध्ये एकदा लाईन गेली, लॅपटॉप मेला, परत उठवला, परत बुधवार-रविवारचा घोळ. परत वेळ हातानं. मोबाईलमध्ये मिनिट पालटायची वाट बघत एंटरवर बोट ठेवून बसलो होतो, तेव्हाच काकाजींनी पन्नी पुढे केली.

"खाते काय?"

"नाही हो काकाजी," म्हणालो आणि एंटर दाबलं.

पुढं जे झालं ते या एका 'खाते काय'मुळं. पण हे टपरीवर कोणी सांगत नाही.

सॉफ्टवेअर बसलं. मग लॅपटॉपला रेडिओची केबल सापडेना. जोडली की क्षणभर दिसायची आणि गडप. तासभर केबल उलटी-सुलटी करून, जुना लॉग वाचून कळलं, की अंध लोकांच्या ब्रेल यंत्रासाठी उबुंटूत एक प्रोग्राम आधीच बसवलेला असतो. माझ्या केबलमधली सीएच३४० चिप त्याला ब्रेल यंत्र वाटत होती आणि तो ती मायेनं ओढून घेत होता. प्रोग्राम चांगल्या कामाचा आहे, वाद नाही. पण कोणी आधी सांगावं ना! मी तो काढायला लागलो, तर काकाजींनी काय चाललंय ते विचारलं. मीही मूर्खासारखं खरं सांगितलं.

खर्रा घोटायचा थांबला.

"आंधया मान्साची वस्तू काढून रायला?"

"काकाजी, आपल्या घरी कोणी आंधळं नाही. ते आपल्या कामाचं नाही."

"आज नाई. मोतीबिंदू काय इचारून येते?"

मी एंटर दाबलं. पाप लागलं असेल तर लागलं असेल. केबल दिसली. आणि तिच्या पाठोपाठ ते शब्द आले, जे मी मोठ्यांदा वाचायला नको होते. परमिशन डिनाइड.

"कोनं नाई म्हनलं?"

"लॅपटॉपनं."

"लॅपटॉप कोनाचा हाय?"

"माझा."

"मंग त्याले कोन इचारते?"

मी समजावलं, की ही केबल वापरायची तर एका गटाचं सभासद व्हावं लागतं. डायलआउट नावाचा गट. टेलिफोन मोडेमच्या काळापासूनचं नाव.

"बचत गट?"

"तसंच समजा."

"किती जन हाय?"

"आत्ता कोणी नाही. मी एकटाच होणार."

"अध्यक्ष?"

"रूट म्हणून असतो एक."

काकाजींनी आठवून पाहिलं. "आपल्या गावचा नाई वाट्टे."

कमांड दिली, सभासद झालो. परत परमिशन डिनाइड. कारण सभासद झालं तरी आपण आधीपासून आत बसलेलो असतो, त्यामुळं आपलं नाव चढलं हे आतल्यांना कळत नाही. एकदा लॉगआउट होऊन बाहेर जाऊन परत आत यावं लागतं. मला वाटलं, आता काकाजी हसणार. पण त्यांनी पहिल्यांदाच आदरानं लॅपटॉपकडं पाहिलं.

"हे बराबर हाय. कचेरीत बी असंच हाय. नाव चढलं तरी त्या रोजी दिसत नाई. उद्या या म्हन्तेत." मग जरा वेळानं, "भलतं सरकारी हाय बाप्पा हे. कोनं बनवलं?"

मला हुरूप आला. म्हटलं, ज्यांनी हे रेडिओचं सॉफ्टवेअर सुरू केलं ते जो टेलर साधे माणूस नाहीत. १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना रसेल हल्स यांच्यासोबत मिळालंय. आकाशात पल्सार नावाचे तारे शोधणारा माणूस आहे.

"मंग त्यालेच लाव नं फोन."

पाच वाजून गेले होते. बाहेर जाऊन आत आलो, रेडिओ १४.०७४ मेगाहर्ट्झवर लावला, आणि सॉफ्टवेअरची खिडकी उघडली. निळ्या पडद्यावर पिवळ्या रेघा धबधब्यासारख्या खाली सरकायला लागल्या. स्पीकरमधून शिट्ट्यांचा कल्लोळ. पण अक्षरांचा रकाना कोरा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी आवाज कमी केला, जास्त केला, साउंड कार्ड बदललं, अँटेनावरचा दुपट्टा काढला. कोरा.

"तुही घडी चुकली हाय," काकाजी म्हणाले.

खिडकीत मोठ्या आकड्यांत पावणेबारा दिसत होते. मला बरं वाटलं, कारण याचं उत्तर माझ्याकडं होतं. मी भूगोलाच्या सरांची जागा घेऊन ग्रीनिच, रेखांश, साडेपाच तासांचा फरक असं सगळं सांगितलं. जगभरचे हॅम एकच घड्याळ मानतात, म्हणून ते मागं दिसतं, चुकलेलं नाही. शेवटी "समजलं?" असंही विचारलं. वर्गात विचारतो तसं. हा 'समजलं' मला आता रात्री आठवतो.

काकाजी काही बोलले नाहीत. डोळे मिटून ऐकत बसले. एफटी८मध्ये सगळे एकदम शिट्टी धरतात, साडेबारा सेकंदांच्या वर जरा वाजवतात, एकदम थांबतात, आणि पंधराव्या सेकंदाला परत उचलतात. जगभर सगळे याच ठेक्यावर. काकाजींचं बोट बाजेच्या गातावर पडायला लागलं. शिट्टी उठली की बोट. आणि खाली सेकंद मोजणारी हिरवी पट्टी आपल्या सावकाशीनं नंतर सुरू व्हायची.

"मास्तर, तुही पट्टी समेवर येऊन नाई रायली."

"म्हणजे?"

"हे पाय. थे पयले उचलते. तुहा डब्बा मांगून येते. हरघडी चार मात्रा मांग."

मी मोबाईल लॅपटॉपशेजारी धरला. चार सेकंद. एफटी८ला सेकंद-दोन सेकंदांचा फरक चालतो, चार चालत नाही. दुपारपासून मी लायब्रऱ्या, केबली, गट, सगळं तपासलं होतं. घड्याळ मी स्वतः लावलं होतं, म्हणून त्यावर संशय घेतला नाही. आपोआपचं सुरू केलं, नेटवरून वेळ लागली, आणि पुढच्याच पंधरा सेकंदांत रकाना भरला. इंडोनेशिया. जपान. परत इंडोनेशिया.

मी उभाच राहिलो. काकाजींनी खऱ्र्याची चिमूट गालात धरली.

"इंडोनेशियावाल्याले इचार, कापसाले काय भाव हाय तिकडे."

"तसं विचारता येत नाही काकाजी. यात एका वेळी जेमतेम तेरा अक्षरं पाठवता येतात."

"भावाले कायले तेरा पाह्यजे? चार आकडे तं असते."

यावर मला उत्तर सुचलं नाही. लाईन गेली म्हणून बरं झालं. काकाजींनी अंधारात दुपट्टा झटकला आणि केवायसी उद्या करू म्हणत निघाले. त्यांची केवायसी अजून झालेली नाही. ओटीपी येत नाही, आणि अंगठा घासून घासून यंत्राला दिसत नाही. नोबेलवाल्याचं सॉफ्टवेअर खरखरीतून जपान ऐकतं. आमच्या यंत्राला समोर ठेवलेला शेतकऱ्याचा अंगठा दिसत नाही. पण त्याची चर्चा टपरीवर होत नाही, माझ्या घडीची होते.

काल त्या बटणाएवढ्या सेलसाठी दारव्ह्याला गेलो. तो मिळतो घड्याळाच्या दुकानात. काउंटरवर उभा राहून "घडीचा सेल द्या" म्हणत होतो, तेव्हा समोरून आमच्या गावची बस गेली. खिडकीत काकाजी होते. त्यांनी हात केला.