लाईट गेली की सोलर पण बंद होतं, हे आधी सांगा ना राव!

आज भर दुपारी अमळनेरहून फुईचा, म्हणजे आत्याचा फोन. बाहेर ऊन नुसतं आग ओकतंय, लाईट गेलेली, फुवा घामाघूम होऊन पडलेले, आणि ती विचारतेय, "भाऊ, लाईट गयी, मंग हाई सोलर कसाले बसाडं?"

काय उत्तर देणार? सोलर बसवणाऱ्याने तिला सांगितलेलं, एकदा पॅनल लागले की लाईटची कटकट कायमची संपली. धादांत खोटं! ऑनग्रिड, म्हणजे थेट लाईनीला जोडलेली सिस्टीम आहे ती, बॅटरी नाहीच. लाईनीतली लाईट गेली की सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होणार म्हणजे होणारच, गच्चीवर कितीही कडक ऊन असो.

आणि ते बंद व्हायलाच पाहिजे. आपल्यातलाच कुणाचा तरी पोरगा लाईनमन म्हणून खांबावर चढलेला असतो, लाईन बंद आहे समजून तारेला हात लावतो, तेवढ्यात घराघरातून करंट उलटा आला तर? हे फुईला सांगितलं तर लगेच म्हणाली, "मंग राहू दे बंद." बास. एका मिनिटात समजलं तिला. सांगणारा पाहिजे फक्त.

मान्य, त्या माणसाने पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेचे कागद पटापट केले, ३ किलोवॅटची ७८ हजार सबसिडी खात्यात आली. आणि सोलर चांगलंच आहे हो, मी स्वतः सगळ्यांना सांगतो बसवा म्हणून. पॅनल डीसी करंट देतं, इन्व्हर्टर त्याचं एसी करतो, घरात लागेल तेवढं वापरायचं, उरलेलं नेट मीटरमधून लाईनीत जातं आणि रात्री आपण घेतो त्यातून ते वजा होतं. चांगल्या उन्हात ३ किलोवॅटला दिवसाला १२ युनिटच्या आसपास मिळतात. कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर चालवून १०० युनिटच्या वर गेलं की रेट कसा उडी मारतो ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. फुईचं आता बहुतेक स्थिर आकाराचंच बिल येतं, शेजारणींना कौतुकाने दाखवते ती.

पण ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट गच्ची जाते. पापड-कुरडया वाळवायची हक्काची जागा दिली त्या बाईने, आणि तुम्ही तिलाच अर्धवट सांगता? लाज वाटत नाही? वर म्हणे आपल्याकडे पारा ४५ ला जातो म्हणजे वीज पण जोरात. अरे पॅनलला उजेड लागतो, उष्णता नाही! पॅनल तापलं की वीज उलट कमीच होते. धूळ बसली तरी कमी होते, आणि तापलेल्या पॅनलवर भर दुपारी गार पाणी मारायचं नसतं, सकाळी धुवायचं, हे पण तिला मीच सांगितलं.

ज्यांच्याकडे दुपारची लाईट जाते त्यांनी हायब्रिड इन्व्हर्टर (लाईट गेली तरी बॅटरीवर घर चालवणारा) आणि बॅटरीचं कोटेशन वेगळं मागा. महाग पडतं, आणि पॅनल २५ वर्षं चालतं तशी बॅटरी चालत नाही, मध्येच बदलावी लागते. तरी विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

रविवारी फुईकडे जातोय, दोन पंखे चालतील एवढा साधा बॅटरी-इन्व्हर्टर बसवायचाय. अमळनेर-पारोळ्याकडे कुणी नीट, खरं सांगून काम करणारा माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. आजच लिहा, फुवांना ऊन सहन होत नाहीये.